न दिसलेल्या जनावराचं चित्र

नुकत्याच मारलेल्या कालवडीच्या गुर्द्याभोवतीची चरबी घ्यायची आणि चीजबरोबर चिनी मातीच्या भांड्यात वितळवायची. कापायला सुरी हाडाची, कारण लोखंडाचा वास लागता कामा नये. प्रत्येक तुकड्याला भोक पाडून आत स्ट्रिक्निन आणि सायनाइडची कुपी, वर चीजचंच बूच. हातांत कालवडीच्या ऊन रक्तात भिजवलेले हातमोजे. आमिषावर श्वाससुद्धा पडू द्यायचा नाही. अर्नेस्ट थॉम्पसन सेटननं 1893च्या अखेरीस न्यू मेक्सिकोतल्या करंपॉ खोऱ्यात एका लांडग्यासाठी हा स्वयंपाक मांडला आणि त्याची कृती स्वतःच लिहून ठेवली. लोबो नावाच्या त्या लांडग्यानं तीन तुकडे उचलून चौथ्यापाशी नेले, त्यांचा ढीग केला, त्यावर घाण केली आणि तो चालता झाला.

ही गोष्ट प्राणिकथा म्हणूनच वाचली जाते. मला ती चित्रकाराचीही गोष्ट वाटते.

सेटन इंग्लंडात जन्मला, कॅनडात वाढला आणि चित्रकला शिकायला लंडनला, पुढे पॅरिसला गेला. त्याचं झोपलेल्या लांडग्याचं चित्र 1891 साली पॅरिसच्या सलोनमध्ये लागलं होतं. सेंच्युरी डिक्शनरीसाठी त्यानं हजारेक प्राणिचित्रं काढली. 1896 साली निघालेल्या त्याच्या प्राण्यांच्या शरीररचनेवरच्या पुस्तकात तर कातडी सोलल्यावर खाली काय दिसतं तेच पानोपानी आहे. असा माणूस सापळे घेऊन लांडग्यामागे का लागतो? एका पशुपालकानं त्याला बोलावलं होतं आणि लोबोवर हजार डॉलरचं इनाम होतं, हे खरं. पण इनामापायी कोणी श्वास रोखून चीज कापत बसत नाही.

बंदूकवाल्याला जनावर दिसावं लागतं. सापळेवाल्याचं तसं नाही. तो घरी जाऊन निजलेला असताना जनावर येणार, म्हणून ते कुठून येईल, कशापाशी थबकेल, पुढचा पाय नेमका कुठे टेकवेल, हे सगळं त्याला आधीच डोळ्यांपुढे आणावं लागतं. माझी मजल उंदराच्या पिंजऱ्यापलीकडे गेलेली नाही. पण तो लावतानाही भजं कुठे अडकवायचं याआधी उंदीर भिंतीच्या कडेनं धावतो हे ध्यानात घ्यावं लागतं, आणि तेवढ्यापुरतं का होईना, आपण जमिनीपासून दोन इंचांवरून खोली बघतो. हा बघण्याचा सराव चित्रकलेच्या वर्गात मिळेलसं मला वाटत नाही. भरतपूरला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीनं पक्ष्यांच्या पायांत कडी घालायचं काम चालवलं, तेव्हा पक्षी धरायला बिहारच्या मीरशिकारांची मदत घेतली. पिढ्यान्‌पिढ्या पाखरं धरून विकणाऱ्यांची विद्या शास्त्राच्या कामी आली. ज्याला धरायचं असतं त्याच्या नजरेतून फारसं काही सुटत नाही, याचा मला थोडा त्रासच होतो.

आता ब्लांका. लोबोची ही पांढरी जोडीदारीण कालवडीच्या मुंडक्याशेजारी लावलेल्या सापळ्यात सापडली. घोडेस्वारांनी तिच्या गळ्यात दोर टाकले आणि घोडी उलट दिशांना हाकून तिला मारलं. लोबो तिला शोधत, हाका घालत रानभर फिरू लागला. सेटननं हाताशी होते ते सगळे, म्हणजे 130 पोलादी सापळे, चार-चारांच्या संचात वाटांवर पुरले. त्यांवरून ब्लांकाचं प्रेत ओढत नेलं. मग तिचा एक पंजा कापून घेतला आणि सापळ्यांवरच्या मातीत त्याचे ठसे उमटवत गेला.

रेषा, अंतर, वजन, चालीचा डौल, सगळं जमून यावं लागलं असेल. सेटनच्या एवढ्या चित्रांत एकच चित्र त्यानं लांडग्यानं वाचावं म्हणून काढलं, आणि लांडग्यानं ते खरं मानलं. 31 जानेवारी 1894 रोजी लोबोचे चारही पाय सापळ्यांत होते. विष आणि लोखंड ओळखणारा तो धूर्त जीव फसला तो मातीवरच्या चित्राला. चित्रकाराच्या कौशल्याला याहून मोठी दाद कोणती असेल, आणि ती अशी मिळावी!

पुढचं सर्वांना ठाऊक आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात गोष्ट स्क्रिबनर्स मासिकात आली, 1898 साली पुस्तकात गेली आणि गाजली. निसर्गलेखक जॉन बरोजनं 1903 साली अशा प्राणिकथा लिहिणाऱ्यांवर खोटं निसर्गज्ञान विकल्याचा आरोप केला. गंमत म्हणजे पुढे बरोजच्याच नावाचं पदक सेटनला मिळालं. चरित्रकारांना इथे एक सोयीचा मोड सापडतो: लोबो मेला, सापळेवाला पालटला, वन्यजीवांचा कैवारी जन्मला. पालटला, यात शंका नाही; उरलेलं आयुष्य त्यानं वन्यजीवांची बाजू मांडण्यात घालवलं. पण लांडग्याचा पंजा तो सहीपाशी काढत राहिला. आणि 1911 साली, अमेरिकेतल्या बालवीर संघटनेचा प्रमुख असताना, त्यानं ‘रोल्फ इन द वूड्स’ काढलं. त्यातला पोरका मुलगा एका इंडियन सोबत्याबरोबर ॲडिरॉन्डॅकच्या जंगलात कातड्यांसाठी सापळे लावत हिवाळे काढतो. ओंडका कोसळून जनावर चेपणारा सापळा कसा रचायचा हे त्यात आहे, आणि पुस्तकातली दोनशेवर चित्रं सेटनच्याच हातची आहेत.