स्नोब्लोअर घेताना कडबाकुट्टी आठवली

ऊस तुटल्यावर जानेवारीत लेकीकडं अमेरिकेत बफेलोला गेलो होतो. शेजारीच ईरी सरोवर. त्यावरून वारं सुटलं की एका रात्रीत कमरेएवढा बर्फ पडतो. जावईबापू फावड्यानं ओढून ओढून कंबर धरून बसले, म्हणून स्नोब्लोअर घ्यायला निघालो.

रंग बघून भुलायचं नाही, हे आपल्याला रोटाव्हेटरनं शिकवलंय. हलकं मशीन एका टप्प्याचं, रबरी पात्यानंच उचलून फेकतं. अंगण लहान आणि बर्फ भुसभुशीत असेल तर चालतं. पण यांची वाट लांब, त्यात रस्ता साफ करणारी गाडी सगळा बर्फ दाराशी लोटून जाते. तो ओला, ढेकळासारखा घट्ट. तिथं दोन टप्प्यांचंच पाहिजे. पुढचं लोखंडी ऑगर बर्फ आत ओढतं, मागचा पंखा लांब फेकतो. मी वाकून शिअर पिन बघितली. रोटाव्हेटरच्या शाफ्टला बोल्ट असतो तशीच. दगड अडकला तर पिन तुटते, गिअरबॉक्स वाचतो. चार पिना जास्तीच्या घेतल्या.

तिसऱ्या दिवशी बर्फ तोंडात तुंबला. जावयांनी मशीन बंद केलं आणि हात घालायला वाकले. मी ओरडलोच! माझं एक बोट कडबाकुट्टीत गेलंय. मशीन बंद असलं तरी पट्ट्यात ताण राहतो, अडकलेलं सुटलं की पंखा झटका मारतो. तुंबलेलं काढायला प्लास्टिकचं दांडकं सोबत आलं होतं, ते खोक्यातच पडलेलं. आधी ते शोधायला लावलं.