बरस

आम्हांला उर्दू शाळेत शिकवून बारा वर्षे झाली. फळ्यावर लिहिताना अंगठ्याच्या मुळाशी मनगट दुखू लागले. या दुखण्याला फ्रिट्झ द कर्व्हेन या स्विस शल्यविशारदाचे नाव आहे. त्यांनी ते १८९५ साली नोंदवले. डॉक्टरांनी तिथे स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले. तीन आठवड्यांत वेदना गेली.

दोन महिन्यांनी त्या जागी रुपयाएवढा पांढरा डाग उमटला. कातडी पातळ झाली, खड्डा पडला, खालच्या शिरा दिसू लागल्या. असे होऊ शकते, हे आधी कोणी सांगितले नव्हते.

मोहल्ल्यात 'बरस' हा शब्द फिरला. धाकटीच्या निकाहाची बोलणी चालू होती. खाला अम्मीला म्हणाल्या, "आपा, जमेपर्यंत हिला लांब बाह्या घालायला सांगा."

त्वचारोगतज्ज्ञांनी उलगडा केला. या औषधाचे कण लवकर विरघळत नाहीत. ते कातडीलगत राहिले तर तिथेच अनेक आठवडे काम करत राहतात. सूज उतरवणारे तेच औषध कातडीला बळकटी देणारे कोलॅजन कमी करते आणि रंग बनवणाऱ्या पेशींना मंदावते. बरस, म्हणजे कोड, यात त्या पेशीच नष्ट होतात. इथे त्या बहुधा टिकून असतात. म्हणून रंग पुष्कळदा वर्षभरात परततो. काहींचा डाग कायमही राहतो.

घरच्यांना हायसे वाटले. "बरस नाही, सुईचा डाग आहे," असे अम्मी सर्वांना सांगू लागल्या. आम्हांला मात्र आमच्या वर्गातली एक मुलगी आठवली. तिच्या ओठांवर खरोखरच कोड आहे. आमची सुटका झाली, मग तिचे काय? कोड काही कोणाला लागत नाही. ना त्यात तिचा गुन्हा, ना आमचा.

दुसऱ्या दिवशी बाह्या दुमडून वर्गात गेलो. फळ्यावर दोन शब्द लिहिले. 'बरस' सीनने लिहिला तर वर्ष, स्वादने लिहिला तर कोड. उच्चार एकच. दोन्हींचे अर्थ सांगितले, मनगटही दाखवले. ती मुलगी पहिल्यांदाच हात वर करून म्हणाली, "टीचर, माझा स्वादवाला."

धाकटीनेही घरी सांगून टाकले, "ज्यांना बाजीचं मनगट बघवत नाही, त्यांच्या घरी मला जायचं नाही."

आता डागाच्या कडेने रंग भरतो आहे. खड्डा अजून तसाच आहे. सुई घेण्याआधी डॉक्टरांना डागाविषयी जरूर विचारावे. आणि दुसऱ्याच्या डागाविषयी विचारण्याआधी थोडे थांबावे.