लुकमा

एप्रिलचा शेवटचा आठवडा म्हणजे शाळेत निकालपत्रकांचा आठवडा. चार तुकड्यांचे गुण चार वेगवेगळ्या एक्सेल फायलींत पडलेले होते. ते एकत्र करून प्रत्येकाची बेरीज आणि श्रेणी काढायची होती. कॉम्प्युटर सायन्सला असलेली माझी लेक म्हणाली, "अब्बा, हाताने कशाला करता? पायथनमध्ये दहा मिनिटांचं काम आहे."

दहा मिनिटांचे दोन तास झाले. प्रोग्राम ती स्वतः लिहीत नव्हती, एआय एजंटकडून लिहून घेत होती. एजंट म्हणजे नुसती उत्तरं देणारा नव्हे. तो फाइल उघडतो, कोड लिहितो, चालवूनही बघतो. फायली जोडायच्या ओळीवर गाडी अडली. एजंट माफी मागायचा, काहीतरी बदलायचा आणि पुन्हा तिथेच अडकायचा. एकदा तर त्याने पांडाज या लायब्ररीची जुनी आवृत्ती टाकायला सुचवलं. ती तिच्या नव्या पायथनवर बसेना. शेवटी लेक वैतागून म्हणाली, "याला जुनंच पाठ आहे!"

मी मराठी आणि उर्दू शिकवणारा माणूस. लायब्ररी म्हटलं की मला पुस्तकांची कपाटं दिसतात. तिने समजावलं ते असं : पांडाज म्हणजे इतरांनी आधीच लिहून ठेवलेल्या कोडचा संच. त्यात तक्त्याला तक्ता जोडायला 'अपेंड' नावाची सोय होती. २०२२च्या जानेवारीत १.४ या आवृत्तीने इशारा दिला की ही सोय जाणार. एप्रिल २०२३मध्ये २.० आली आणि ती खरोखर काढली. आता 'कॉनकॅट' वापरायचं. पण त्याआधीच्या कित्येक वर्षांत लोकांनी लाखो ओळी 'अपेंड'ने लिहिल्या आहेत. मॉडेलने शिकताना त्याच जास्त वाचल्या. नवा नियमही त्याच्या वाचनात आलेला असेल, पण जिभेवर जुनाच येतो.

मग तिने 'कॉन्टेक्स्ट सेव्हन' नावाचं साधन जोडलं. अशी साधनं 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' या पद्धतीने जोडतात. ही पद्धत अँथ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वांसाठी खुली केली. काम तसं साधं आहे. एजंट आधी विचारतो, ही लायब्ररी नेमकी कोणती? मग तिच्या माहितीपुस्तिकेतला हव्या त्या विषयाचा, हव्या त्या आवृत्तीचा भाग मागवतो. तो मजकूर डोळ्यांसमोर ठेवून कोड लिहितो. मॉडेलच्या डोक्यात काही बदलत नाही, फक्त उत्तर देण्याआधी त्याला पुस्तक उघडायला लावलं जातं. पाचच मिनिटांत चारही तुकड्या एका तक्त्यात आल्या.

मला तरावीहची आठवण झाली. रमजानमध्ये हाफिजसाहेब रोज रात्री कुरआन तोंडपाठ म्हणतात. त्यांच्या पाठीमागे पहिल्या सफमध्ये दुसरा हाफिज कान देऊन उभा असतो. इमाम एखाद्या आयतीत अडखळले किंवा सारख्या वाटणाऱ्या दुसऱ्या आयतीकडे वळले, की तो मागून बरोबर शब्द देतो. याला आपण लुकमा देणं म्हणतो. यात इमामांचा अपमान नसतो. उलट ज्याला इतकं पाठ आहे, त्याच्याच मागे माणूस उभा करतात. फरक एवढाच, की कुरआन बदलत नाही आणि या पुस्तिका दर काही महिन्यांनी बदलतात. दुसरा फरक जास्त काळजीचा आहे. विसरलेला हाफिज थांबतो. मॉडेल थांबत नाही, त्याच सुरात पुढे काहीतरी म्हणत राहतं.

हे मी हसत हसत लिहू शकलो असतो, पण मला स्वतःचीच एक चूक आठवली. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या प्री-मॅट्रिक शिष्यवृत्तीचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं. पालकांचं वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत, दाखला तहसीलमधून, हे सगळं पाठ. नोव्हेंबर २०२२मध्ये केंद्र सरकारने ही शिष्यवृत्ती नववी-दहावीपुरतीच ठेवली. आठवीपर्यंतचं शिक्षण कायद्याने मोफतच आहे, असं कारण दिलं. तोवर ते काम दुसऱ्या सरांकडे गेलं होतं. बातमी माझ्या कानावरून गेली होती. तरी पुढच्या वर्षी सातवीतल्या एका मुलीच्या आईने शाळेच्या गेटवर विचारलं, तेव्हा सवयीने तोंडातून जुनंच आलं, "उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा."

ती बाई दुसऱ्यांच्या घरी भांडी घासते. दाखल्यासाठी दोन खाडे झाले, झेरॉक्स आणि अर्जाचे पैसे गेले. दाखला घेऊन आली तेव्हा कळलं, सातवीला शिष्यवृत्तीच नाही. मी माफी मागितली. ती म्हणाली, "असू द्या सर, तुम्ही काय मुद्दाम सांगितलं?" मुद्दाम नव्हतंच. ठाम आवाजात सांगितलं होतं, एवढंच. तिने दोन दिवसांची मजुरी सोडली, ती त्या आवाजावर विसंबून.

म्हणून त्या साधनाचं मला कौतुक वाटतं, पण आंधळं नाही. कॉन्टेक्स्ट सेव्हनमधले प्रकल्प लोकांनीच भर घालून उभे केले आहेत. सगळं अचूक असेल याची हमी देत नाही, असं ते बनवणारेच सांगतात. लुकमा देणाराही चुकू शकतो. लेकीने तक्ता तयार झाल्यावर दहा मुलांच्या बेरजा माझ्याकडून हाताने करून घेतल्या. त्या जुळल्या, मगच मी सही केली.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर तीच बाई पुन्हा भेटली. मुलगी आता नववीत गेली आहे. विचारलं, आता काही मिळेल का? ओठांवर आलेलं उत्तर मी गिळलं. म्हटलं, "आपा, उद्या या. आजचा नियम बघून सांगतो."

ती हसली. "का सर, आता पाठ नाही राहिलं?"

"पाठ आहे," मी म्हटलं, "म्हणूनच बघतो."