टाक

दिवाळीआधी धाराशिवला घरी गेलो होतो. आईने देवघर आवरायला काढलं होतं. रांगोळीने घासलेले टाक ताटात मांडून ठेवले होते. टाक म्हणजे काय हे माहीत नसलेल्यांसाठी (आमच्या टीममधल्या निम्म्या लोकांना मलाच सांगावं लागलं!): चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेला देव, पाठीला तांब्याचा पत्रा. आमच्याकडे पाच आहेत. तुळजाभवानी, खंडोबा, ज्योतिबा आणि दोन पूर्वजांचे.

"आता हे तू घेऊन जा. मला खाली बसवत नाही," आई म्हणाली.

मी गडबडलोच. भाड्याचा फ्लॅट, रात्री-अपरात्रीचे कॉल्स, त्यात देव कुठे ठेवू? म्हटलं, "तेरच्या संग्रहालयात देऊ या का?" तेर म्हणजे जुनं तगर, दोन हजार वर्षांपूर्वी इथला माल भडोचच्या बंदरात जायचा. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंचं शासकीय संग्रहालय तिथे आहे. "काचेत नीट राहतील."

"काचेत? मग त्यांना आंघोळ कोण घालणार?"

यावर काय बोलणार!

रात्री नेटवर पूजेच्या जुन्या धातूच्या वस्तूंबद्दल वाचत बसलो. पेरूमध्ये 'तुमी' नावाचा विधीचा सुरा असतो. अर्धचंद्रासारखं पातं, मुठीच्या जागी देवाची मूर्ती. इयिमो इथे १९३६ मध्ये सापडलेला सोन्याचा तुमी तर त्या देशाची ओळखच झाला. १९८१ मध्ये तो लिमाच्या संग्रहालयातून चोरीला गेला आणि चोरांनी सोन्यासाठी त्याचे तुकडे केले. संग्रहालयात दिलं की काळजी मिटली, हे माझं गणित तिथेच फसलं.

आमच्या भवानीचं नाक-डोळे जवळजवळ पुसले गेलेत. मला ते नुकसान वाटायचं. पण ते झिजलेत आजीच्या आणि मग आईच्या अंगठ्याने. अगदीच सपाट झाला की आमच्याकडे टाक सोनाराला देतात, तीच चांदी वापरून तो नवा घडवतो. म्हणजे यातली चांदी किती जुनी, हे घरात कुणालाच सांगता यायचं नाही.

असो. आईच्या खणात गुंडाळून, लॅपटॉपच्या बॅगेतून टाक पुण्याला आणले. पुस्तकांचा वरचा कप्पा रिकामा केला. रविवारी आंघोळ घालायला बसलो आणि आईला फोन लावला. "आधी कुणाला?"

"आधी भवानी. आणि जोरात घासू नकोस रे."