खमरियातला शेवटचा मोगरा

जबलपूरला गेलेले पाहुणे भेडाघाटला नावेत बसतात, धुवांधार पाहतात, संगमरवरी गणपती विकत घेतात आणि परततात. खमरियाला मुद्दाम कोणीच जात नाही. मीही गेले ती दादांच्या निवृत्तीसाठी.

स्टेशनावरून रिक्षा निघाली की गजबजलेले रांझी लागते आणि ते मागे पडले की एकाएकी झाडे, रुंद रस्ते आणि सरकारी क्वार्टर्स सुरू होतात. जबलपुरात तोफगाड्यांचा कारखाना १९०४ पासून आहे. खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला. २०२१ च्या ऑक्टोबरपासून तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहे आणि गंमत म्हणजे तिचे मुख्यालय आपल्या पुण्यात. तसा आपल्या माणसांचा इथला राबता जुनाच. खडकी, देहूरोड, भंडारा, वरणगाव, जिथे जिथे असे कारखाने, तिथून बदलीवर माणसे येत-जात राहिली. दादाही असेच आले आणि चोवीस वर्षे राहिले.

आता क्वार्टर सोडायचे होते. नागपूरला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतलेला. सामान बांधून झाले होते. राहिला होता मागच्या अंगणातला मोगरा. वहिनींनी लावलेला, आता माझ्या खांद्याला लागणारा.

“फांद्या घेतल्यात गं कुंडीत,” वहिनी म्हणाल्या, “पण त्या धरतील तेव्हा खऱ्या. म्हणून वास तेवढा तेलात घालून नेतेय.”

स्वयंपाकघराच्या ओट्यावर रुंद तोंडाची काचेची बरणी होती. तीत पाव लिटर सूर्यफुलाचे तेल. संध्याकाळी उमलायच्या बेतातल्या कळ्या खुडायच्या, देठ काढायचे, धुवायच्या मात्र नाहीत, कारण पाण्याचा थेंबही तेल बिघडवतो. ओंजळभर कळ्या तेलात रात्रभर ठेवायच्या, सकाळी गाळून कोमेजलेल्या टाकून द्यायच्या आणि संध्याकाळी नव्या घालायच्या. मी पोहोचले तेव्हा नववा फेरा चालू होता. तेल तापवायचे नाही. मोगरा खुडल्यावरही काही तास सुगंध देत राहतो. तो मुकाट्याने टिपून घेणे एवढेच तेलाचे काम.

सुगंध वाहून नेणारे आपले जुने तेल तिळाचे. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त फुलांनी वासवलेल्या तिळांचे तेल अभ्यंगासाठी सांगितले आहे. उत्तरेत कनौज-जौनपूरकडचे फुलेलही असेच होई. फुलांच्या थरांत तीळ मुरवायचे आणि मग ते गाळायचे. सोमेश्वराची राजधानी कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, आपल्या लातूर-धाराशिवच्या शेजारचे. त्याच टापूत पुढे सूर्यफुलाची पिवळी शेते डोलू लागली. तेलबी म्हणून हे पीक आपल्या देशात आले १९६९ च्या सुमारास. आता ती शेते कमी झाली. बाजारातले बरेचसे तेल रशिया, युक्रेन, अर्जेंटिनातून येते.

“पूर्वी मी तिळाचंच घ्यायची,” वहिनी सांगत होत्या. “पण तिळाला स्वतःचा वास असतो. बाटली उघडली की आधी तीळ, मग मोगरा. याला वासच नाही.”

रिफाइंड सूर्यफूल तेल हलके, जवळजवळ गंधहीन आणि त्वचेलाही मानवणारे. ढाक्यातल्या एका रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना या तेलाने मालिश केल्यावर जंतुसंसर्ग लक्षणीय कमी झाल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले होते. अर्थात, ते साधे तेल होते, वैद्यकीय देखरेखीखालचे. तान्ह्या बाळाला सुगंधी तेल लावू नये. मोठ्यांनीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडेसे लावून एक दिवस वाट पाहावी. कपड्यांवर तर नकोच, डाग जात नाहीत. आणि स्पिरिटमध्ये हे तेल मिसळत नाही, तेव्हा फवाऱ्याच्या अत्तराचा बेत मनात असेल तर तो सोडून द्या.

मला हे सगळे फारच सोपे वाटू लागले, तेव्हा वहिनींनी कपाटातून मागच्या वर्षीची बाटली काढून माझ्या नाकाशी धरली. मोगऱ्याचा मागमूस नव्हता. खवट, जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास.

“न्हाणीच्या खिडकीत ठेवली होती. उन्हानं गेली.”

सूर्यफुलाच्या तेलाचा हाच दोष आहे. हवा, ऊन आणि उष्णता यांनी ते लवकर खवट होते. तिळाचे तेल अंगच्याच गुणाने जास्त टिकते. म्हणजे मोगरा जसाच्या तसा हवा तर तो थोडे महिनेच मिळणार आणि जास्त दिवस हवा तर त्याला तिळाचा वास लागणार. एरवी हा प्रश्न दर उन्हाळ्यात नव्याने सोडवता आला असता. आता पुढच्या उन्हाळ्यात हे अंगण दुसऱ्या कोणाचे असणार होते.

दुपारी दादा सभारंभाचा हार गळ्यात घालून घरी आले. वहिनी ओट्यापाशी तेल गाळत होत्या. गडद रंगाच्या तीन छोट्या बाटल्या त्यांनी काठोकाठ भरल्या, आत हवा राहू नये म्हणून. मग चौथी बाटली पुढे ओढली. तिच्यात तिळाचे तेल होते. शेवटच्या ओंजळीतल्या कळ्या तिच्यासाठीच ठेवल्या होत्या.

“तीन बाटल्या फ्रिजमध्ये,” त्या म्हणाल्या, “नरकचतुर्दशीच्या पहाटेपर्यंत पुरल्या म्हणजे झालं.”

“आणि ही?” दादांनी विचारले.

“ही नंतरची.”

दादांनी गळ्यातला हार काढला, त्यातला मोगरा हुंगून पाहिला आणि म्हणाले, “आपला बरा आहे.”