राणीचे क्रूस

नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा महिना. दफनभूमीतील कबरी स्वच्छ होतात, त्यांवर फुले वाहिली जातात, मेणबत्त्या उजळतात. आणि आमच्या मनातली एक जुनी टोचणी जागी होते. काही वर्षांपूर्वी एका प्रतिष्ठित गृहस्थांच्या अंत्यविधीत आम्ही त्यांच्या दानशूरतेचे मनसोक्त गुणगान केले होते. विधी आटोपल्यावर एक वृद्धा जवळ आली आणि हळूच म्हणाली, "फादर, छान बोललात. आमची वाडी तेवढी त्यांच्याकडेच राहिली." कर्जापोटी गहाण पडून गेलेली वाडी! आम्ही निरुत्तर झालो.

त्या रात्री आम्हांला इंग्लंडची राणी एलिनॉर आठवली. कॅस्टिलच्या राजघराण्यातील ही कन्या १२५४ साली राजपुत्र एडवर्डशी विवाहबद्ध झाली. पुढे तो धर्मयुद्धावर पवित्र भूमीत गेला, तेव्हाही ती त्याच्या सोबत होती. २८ नोव्हेंबर १२९० रोजी हार्बी या खेड्यात तिचे निधन झाले. लिंकनहून लंडनला नेताना तिची शवपेटी जिथे जिथे रात्री विसावली, तिथे तिथे शोकाकुल राजाने दगडी स्मारकक्रूस उभारले. एकूण १२. त्यांपैकी ३ आजही उभे आहेत. पत्नीप्रेमाचे असे स्मारक विरळाच!

परंतु राणीची कथा या क्रुसांपाशी संपत नाही. राजसत्तेने ज्यू सावकारांवर जबर कर लादले होते. त्या ओझ्याखाली त्यांचे कर्जरोखे राणीच्या हाती येत आणि रोख्यांमागोमाग ऋणकोंच्या जमिनीही. १२९० मध्ये तर त्या ज्यूंनाच राजाने देशाबाहेर घालवले. कँटरबरीचे आर्चबिशप जॉन पेकॅम यांनी राणीला आधीच बजावले होते, की व्याजातून आलेली मालमत्ता जवळ ठेवणे हे महापाप आहे. ती ज्याची त्याला परत केलीच पाहिजे.

अखेरच्या आजारात राणीने राजाकडे एक मागणे मागितले: आपल्या कारभाऱ्यांच्या वर्तनाची चौकशी व्हावी व अन्यायाची भरपाई केली जावी. त्यानुसार न्यायाधीश नेमले गेले आणि कुळांची गाऱ्हाणी नोंदवली गेली. त्या नोंदींतून निष्ठुर वसुलीच्या कहाण्या बाहेर आल्या. काही गोष्टी राणीला ठाऊकही नव्हत्या. तरी तिने स्वतःच्या नावाची पर्वा केली नाही.

आम्हांला वाटते, त्या १२ क्रुसांहून हे मागणे थोर आहे. क्रूस राजाने उभारले. पश्चात्ताप तिचा स्वतःचा होता. प्रभूला घरी घेतल्यावर जक्कयानेही परतफेडीची भाषा केली होती.

त्या गृहस्थांच्या वर्षाच्या मिस्सापूर्वी आम्ही त्यांच्या थोरल्या मुलाला ही कथा सांगितली, त्या वृद्धेचे बोलही सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "फादर, कागद शोधतो." तो ते शोधील, या आशेवर आम्ही आहोत. पण तेव्हापासून कुणाच्याही शवपेटीजवळ उभे राहिलो, की स्तुतीची वाक्ये आम्ही मोजूनच बोलतो.