पाटी अंगणात, फाईल टेबलावर



मी मूळचा खानापूर तालुक्यातला, आता हिंडलग्याला असतो. मराठा लाइट इन्फंट्रीत २८ वर्षं काढून सुभेदार म्हणून पेन्शनवर आलो. इथं बरेच जण कॅम्पातल्या, भरतीच्या, जुन्या बेळगावच्या आठवणी लिहितात. माझी आजची आठवण लांबची आहे, पण विषय आपल्या घराघरातला आहे. फौजी माणूस आणि निवडणूक.

२०२४ च्या सप्टेंबरात आम्ही दोघं पोरीकडं अमेरिकेला गेलो. नॉर्थ कॅरोलायना राज्यात रॅलेच्या शेजारी केरी म्हणून गाव आहे, तिथं ती राहते. तिथून दक्षिणेला तास-सव्वा तासावर फेएटव्हिल आणि त्याला लागून अमेरिकेची एक फार मोठी छावणी. तिचं नाव होतं फोर्ट ब्रॅग. ब्रॅग हा यादवी युद्धात दक्षिणेच्या, म्हणजे गुलामगिरीवाल्या बाजूचा सेनापती. म्हणून २०२३ साली ते नाव काढून फोर्ट लिबर्टी केलं. निवडणुकीत ट्रम्प फेएटव्हिलला आले आणि जुनं नाव परत आणतो म्हणून जाहीर सांगून गेले. २०२५ मध्ये ते आणलंही, फक्त या खेपेला दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रॅग आडनावाच्याच एका साध्या सैनिकाच्या नावानं. नावावरनं राजकारण कसं पेटतं ते बेळगावच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

हे राज्य म्हणजे निवडणुकीत इकडचं तिकडं होऊ शकणारं. त्यामुळं टीव्ही लावला की जाहिराती, आणि निम्म्या जाहिरातींत फौजी. एका बाजूच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवारानं, टिम वॉल्झ यांनी, नॅशनल गार्डमध्ये २४ वर्षं काढलेली. दुसऱ्या बाजूचे जे. डी. व्हान्स ४ वर्षं मरीनमध्ये, इराकला जाऊन आलेले. आता एवढं असताना दोघांनाही सलाम ठोकावा की नाही? पण भांडण काय, तर वॉल्झ २००५ साली युनिट इराकला जायच्या आधी निवृत्त का झाले. वीस वर्षांपूर्वी, २००४ साली, जॉन केरी यांच्या व्हिएतनाममधल्या पदकांवरनं असलाच धुरळा उडाला होता. आणि गंमत बघा, १९९२ पासून २००८ पर्यंतच्या पाचही निवडणुकांत जो उमेदवार हरला तो युद्धात जाऊन आलेला होता. थोरले बुश, डोल, गोर, केरी, मॅकेन. हार घालताना सैनिक, मत देताना हिशेब वेगळा.

पोरीच्या घराला लागून एक म्हातारे राहायचे. पंचाहत्तरीचे. अमेरिकन हवाई दलात सार्जंट होते. १९७१-७२ ला थायलंडमध्ये उ-तापाव तळावर बी-५२ विमानांत बॉम्ब चढवायचं काम. मी त्यांना सार्जंट म्हणायचो, ते मला सुभेदार म्हणायचे. माझं इंग्रजी पलटणीतलं, त्यांचं दक्षिणेकडचं, गाडी अडली की नातू मध्ये. त्यांच्या अंगणात ट्रम्प यांची पाटी. त्यांचा मुलगा फेएटव्हिलला राहतो, तो इराकमध्ये बलद तळावर होता. त्याच्या अंगणात कमला हॅरिस यांची पाटी. सप्टेंबरपासून बापलेक एकमेकांशी हवापाण्यापलीकडं बोलत नव्हते.

मुलगा एकदा आला तेव्हा मी त्याला सांगितलं, माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात तुमच्या इराकात होते. आमच्याकडं त्याला ‘बसऱ्याची लढाई’ म्हणायचे. ११० मराठा पलटण कुतच्या वेढ्यात अडकली, १९१६ च्या एप्रिलात सगळ्यांना शरण जावं लागलं. टायग्रिसच काठ. तो म्हणाला, बलदही त्याच नदीजवळ. मग बराच वेळ आम्ही उन्हाळ्याबद्दल आणि पाण्याबद्दल बोललो. फौजी माणसाला असलं बोलायला पक्ष लागत नाही.

या बापलेकांचं खरं दुखणं मला हळूहळू कळलं.

सार्जंटना डायबेटिस आणि ब्लडप्रेशर. व्हिएतनाम युद्धात झाडंझुडपं जाळायला एजंट ऑरेंज आणि तसली औषधं फवारली, त्यानं डायबेटिस होतो हे तिथल्या सरकारनं कधीच मान्य केलंय. व्हिएतनामात पाऊल ठेवलेल्याला पुरावा मागत नाहीत. पण थायलंडवाल्याला मागायचे. तिथं फवारणी तळाच्या कुंपणाभोवती झाली, तुमचं काम विमानांपाशी, मग तुमचा संबंध काय? असं म्हणून यांचा अर्ज दोनदा फेटाळला. आपल्याकडं डिसॅबिलिटी पेन्शनला ‘आजार सेवेमुळं आला की सेवेत वाढला’ हे सिद्ध करावं लागतं ना, अगदी तसंच. तीच भाषा, तेच शिक्के.

२०२२ साली कायदा झाला. त्याला पॅक्ट ॲक्ट म्हणतात. त्यानं थायलंडच्या तळांवर १९६२ ते १९७६ मध्ये ड्युटी केलेल्यांनाही धरलं, आणि रोगांच्या यादीत ब्लडप्रेशर घातलं. इराक-अफगाणिस्तानात तळावरचा सगळा कचरा, प्लास्टिक, बॅटऱ्या, औषधं उघड्या खड्ड्यात जाळायचे. बलदचा खड्डा त्यात सगळ्यात बदनाम. त्या धुरानं छातीचे आजार झालेल्यांनाही कायद्यानं धरलं. म्हणजे बापाला आणि लेकाला, दोघांनाही एकाच कायद्यानं दार उघडलं.

पण सार्जंटनी दोन वर्षं अर्जच केला नव्हता. का? तर सही बायडेन यांची. “त्यांच्या पक्षाची खैरात मला नको.”

मुलाचं उलटं. त्याला फुप्फुसाच्या डॉक्टरकडं जायचं होतं. तिथं माजी सैनिकांचं वेगळं खातं आहे, देशभर त्यांची स्वतःची हॉस्पिटलं आहेत. आपल्या ईसीएचएसचा अवाढव्य भाऊ म्हणा. २०१८ च्या मिशन ॲक्टप्रमाणं खात्याच्या हॉस्पिटलात ठरलेल्या दिवसांत नंबर लागत नसेल, तर बाहेरच्या खासगी डॉक्टरकडं सरकारी खर्चानं जाता येतं. हा जात नव्हता. का? तर सही ट्रम्प यांची. “हा आमची हॉस्पिटलं मोडीत काढायचा डाव आहे.” आणि खोकत बसायचा.

आता यात आमचा नातू कुठनं आला ते सांगतो. तो अठराचा, तिथंच जन्मलेला, पहिलंच मत द्यायचं होतं. आणि कॉलेजात फौजी ट्रेनिंगचा आरओटीसी नावाचा कोर्स घेऊन अधिकारी व्हायचं त्याच्या मनात होतं. पोरगी मला येऊन म्हणाली, “अप्पा, तुमचंच ऐकतो तो. तुम्ही आयुष्यभर बाहेर राहिलात, मी आईला बघितलंय. त्याला समजवा.” आणि नातू मला विचारतोय, “आज्जा, फौजेच्या बाजूचा पक्ष कुठला? मी त्यालाच मत देईन.”

दोघांनाही उत्तर द्यायचं होतं. मी नातवाला म्हटलं, भाषणं ऐकू नको. या दोन कायद्यांना सभागृहात कुणी किती मतं दिली ते काढ. त्यांच्याकडं प्रत्येक मताची नोंद उघडी असते.

त्यानं काढलं. पॅक्ट ॲक्ट सिनेटमध्ये ८६ विरुद्ध ११ नं झाला. तेव्हा सिनेटमध्ये दोन्ही बाजूंना ५०-५० होते. म्हणजे ८६ मतांत निदान ३६ मतं ट्रम्प यांच्या पक्षाची. मिशन ॲक्ट ९२ विरुद्ध ५ नं झाला. तेव्हा ट्रम्पवाल्यांकडं ५१ जागा होत्या, म्हणजे चाळीसच्या वर मतं पलीकडची. सही एकाची, मतं दोघांची.

अजून एक सापडलं. २०२२ च्या जुलैत हाच पॅक्ट ॲक्ट अडकला होता. जूनमध्ये हो म्हणणाऱ्या बऱ्याच रिपब्लिकनांनी २७ जुलैला हात आखडता घेतला. एका सिनेटरचं म्हणणं, पैसा खर्चाच्या कुठल्या सदरात धरलाय त्याला हरकत आहे. पलीकडचे म्हणाले, दुसऱ्याच एका बिलाचा राग सैनिकांवर काढला. मग आजारी माजी सैनिक आणि त्यांच्या बायका संसदेच्या पायऱ्यांवर बसून राहिल्या. रात्रीसुद्धा तिथंच. २ ऑगस्टला मतं पालटली, १० तारखेला सही झाली.

मला जंतरमंतर आठवलं. वन रँक वन पेन्शनची घोषणा २०१४ च्या फेब्रुवारीत एका सरकारनं केली, २०१५ च्या नोव्हेंबरात आदेश काढला दुसऱ्यानं, आणि मध्ये आपली म्हातारी माणसं उन्हात उपोषणाला बसली. श्रेय मात्र दोघांनी घेतलं. अमेरिकेतही हे नवं नाही. १९३२ साली पहिल्या महायुद्धातले हजारो सैनिक कबूल केलेला बोनस मागायला वॉशिंग्टनला झोपड्या टाकून बसले. हूवर अध्यक्ष होते, त्यांच्या काळात सैन्य घालून झोपड्या जाळल्या. त्या वर्षी हूवर हरले. जिंकलेल्या रूझवेल्ट यांनी तरी बोनस दिला का? त्यांनीही नकाराधिकार वापरला. १९३६ साली संसदेनं तो मोडून पैसे दिले.

हे सगळं नातवानं सार्जंटना त्यांच्या ओसरीवर बसून वाचून दाखवलं. वाद घातला नाही, आकडे वाचले. सार्जंट बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “फॉर्म कुठाय?”

पुढचे तीन दुपार आम्ही तिघं त्यांच्या जेवणाच्या टेबलावर. डिस्चार्जचा कागद, थायलंडच्या पोस्टिंगचा आदेश, जुनी नकारपत्रं, डॉक्टरांचे रिपोर्ट. तिथं बऱ्याच कौंट्यांत माजी सैनिकांना कागदपत्रांत मदत करणारा अधिकारी असतो, पैसे घेत नाही. अमेरिकन लिजनसारख्या संघटनांचे लोकही करतात, आणि ती संघटना कुठल्याच उमेदवाराचा प्रचार करत नाही. त्या अधिकाऱ्यानं फाईल तपासली आणि ऑक्टोबर संपायच्या आत अर्ज गेला. अंगणातली पाटी होती तिथंच होती. कुणी काढा म्हटलंही नाही. ज्याचं मत त्याच्यापाशी.

मुलाला बापानंच फोन केला. काय बोलले मला माहीत नाही. मुलगा बाहेरच्या डॉक्टरकडं गेला नाही तो नाहीच, पण खात्याच्या हॉस्पिटलात पाठपुरावा करून जानेवारीची तारीख तेवढी घेतली. एवढंच झालं. सगळं गोड झालं असं नाही.

५ नोव्हेंबरला मतदान झालं, ट्रम्प निवडून आले. नातवानं मत कुणाला दिलं ते मी विचारलं नाही. सहाच दिवसांनी, ११ नोव्हेंबरला, त्यांचा माजी सैनिक दिन. दरवर्षी निवडणुकीला लागूनच येतो. हॉटेलांत फौजींना जेवण फुकट, जो तो ‘थँक यू’ म्हणतो. सार्जंट मला घेऊन गेले, माझीही ओळख सुभेदार म्हणून करून दिली. परत येताना म्हणाले, “उद्या बाराला यातलं कुणी फोन उचलणार नाही.” मी म्हटलं, आमच्याकडं नोव्हेंबर म्हणजे जीवन प्रमाणपत्राचा महिना. आम्ही जिवंत आहोत हे दरवर्षी कागदावर सांगायचं. ते एवढे हसले की त्यांना ठसका लागला.

पोरीला मी उत्तर दिलं ते असं. त्याला मी अडवणार नाही आणि ढकलणारही नाही. पण वर्दी उतरवल्यावर काय असतं ते त्यानं तीन दुपार डोळ्यांनी बघितलंय, भरतीच्या जाहिरातीत ते दाखवत नाहीत. हे बघूनही जायचं म्हणाला तर जाऊ दे. ती रडली. आमच्या हिनं तिला जवळ घेतलं, मला काही बोलली नाही. २८ वर्षांचा हिशेब तिच्याकडं आहे.

नातवाला उत्तर दिलं, फौजेचा असा कुठलाच पक्ष नसतो. ज्या दिवशी कॅमेरा नसतो, पैशाचं बिल मतदानाला येतं, त्या दिवशी कोण हात वर करतो ते बघ. दरवेळी नव्यानं बघ. आणि तू स्वतः गेलास तर ताप आला तरी नोंद करून घे. ‘चालतंय’ म्हणून परत येऊ नको. कागद जप.

आम्ही डिसेंबरात परतलो. एप्रिलमध्ये नातवाचा फोन आला. सार्जंटचा अर्ज मंजूर झाला, डायबेटिस आणि ब्लडप्रेशर दोन्ही धरले. आणि जाता जाता म्हणाला, कॉलेज सुरू झालं की आरओटीसीला नाव घालणार आहे.

मंडळी, आपल्या भागात ज्या घरात ट्रंक आहे त्या घरात फौजीचे कागद आहेत. बसऱ्याचे, ६५ चे, ७१ चे, कारगिलचे. निवडणूक येईल, आपल्याकडं तर कुठली ना कुठली चालूच असते, कुणाच्या पाट्या लावायच्या त्या लावा. पण आठवड्यातली एक दुपार काढून घरातल्या म्हाताऱ्या फौजीची फाईल एकदा नीट लावून द्या. विधवा वहिनी, काकू असतील तर आधी त्यांची. कुणाला अर्ज कसा लिहायचा ते अडलं तर मला सांगा, हिंडलग्याला सकाळी मी घरीच असतो.